सायकलीवरून पाहिलेला आपला मुलूख



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही जे उत्तर दिले तेच आज पत्रिकेवर छापलेले आपण वाचले असेल. पत्रिका गावात वाटली गेल्यावर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस भर बाजारात गाठले आणि विचारले, "अहो, इतिहासाला दप्तर लागते, शिलालेख लागतो, फार तर घोडा लागतो. त्यात सायकल कशाला?" प्रश्न रास्त होता. बाजारात उभ्या उभ्या त्याचे उत्तर देता आले नाही. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या गृहस्थांना दिलेले लांबलेले उत्तर आहे, असेच आपण समजावे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघा मित्रांनी शिरूर अनंतपाळ हे मधोमध धरून चहूकडचा मुलूख सायकलीवरून पाहिला. पश्चिमेस लातूर, दक्षिणेस निलंगा, पूर्वेस देवणी आणि उदगीर. ही सारी गावे शिरूरपासून एका दिवसाच्या सायकलफेरीत येतात. आम्ही कोणताही विक्रम केला नाही. आमच्यातला सर्वांत धाकटा चाळिशीचा होता आणि सर्वांत थोरल्याला चढ आला की उतरून हातात सायकल धरून चालण्याची सवय होती. त्याच्या या सवयीमुळेच आम्हांस पुष्कळ गोष्टी दिसल्या, हे पुढे सांगू.

प्रथम या वाहनाची थोडी ओळख करून घेऊ. घरातली वस्तू म्हणून आपण तिच्याकडे कधी नीट पाहिलेलेच नसते. दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळीने फिरवणारी सायकल इंग्लंडात 1885 साली जॉन केम्प स्टार्ली याने बाजारात आणली. 1888 साली डनलॉप याने हवा भरलेला टायर काढला आणि हाडे खिळखिळी करणारे ते यंत्र माणसाच्या बसण्याजोगे झाले. आता योगायोग पाहा. त्याच 1888 साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलीचे दुकान काढले. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईस शिकवीत असत. ते तेथून सायकली पाठवीत आणि बेळगावात बंधू रामूअण्णा त्या विकीत व लोकांना चालवायलाही शिकवीत. पुढे याच लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर काढला आणि तो आपल्या काळ्या रानापर्यंत येऊन पोहोचला. म्हणजे ज्या उद्योगाने मराठी शेतकऱ्याला लोखंडी फाळ दिला, त्याचे पहिले पाऊल सायकलीच्या पायंडलावर पडले होते.

सायकलीवरून जग पाहण्याची हौसही आपल्याकडे जुनी आहे. 1923 साली मुंबईतील काही पारशी तरुण सायकलींवर बसून जगाच्या प्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे सत्तर हजार किलोमीटरांहून अधिक वाट तुडवून 1928 साली परत आले. वाळवंटे, बर्फ, रानटी वाटा, सारे त्यांनी पाहिले. आणि इतिहासाच्या अभ्यासासाठी सायकल वापरल्याचे उदाहरण हवे असेल तर ऑक्सफर्डचा विद्यार्थी टी. ई. लॉरेन्स याचे घ्या. पुढे अरबस्तानातल्या लढाईमुळे तो जगात गाजला. परंतु त्याआधी 1906 ते 1908 या तीन वर्षांच्या उन्हाळी सुट्ट्यांत तो फ्रान्समधले मध्ययुगीन किल्ले सायकलीवरून पाहत हिंडला आणि त्या हिंडण्यातून आपला प्रबंध उभा केला. किल्ला टेकडीवर का, या टेकडीवरून पलीकडची टेकडी दिसते का, पाणी कोठे, हे प्रश्न ग्रंथालयात सुचत नाहीत. चढ चढताना धाप लागली म्हणजे सुचतात.

आमच्या म्हणण्याचा सारा भर या धापेवर आहे. माणूस तासाला पाचएक किलोमीटर चालतो. मोटार साठ-सत्तरने धावते. सायकल बारा-पंधराने चालते. चालणाऱ्याला एका दिवसात दोन गावे दिसतात, परंतु त्या दोन गावांचा आपसांतला संबंध दिसत नाही. मोटारवाल्याला संबंध दिसतो, पण गाव दिसत नाही. सायकलवाल्याला एका दिवसात दहा गावे दिसतात आणि प्रत्येक गावच्या पारावर पाणी मागण्याइतकी सवडही असते. शिवाय त्याच्या हातात काठी नसते की गळ्यात अधिकाराचा पट्टा नसतो. सायकलवर आलेल्या माणसाला गावकरी सरकारी समजत नाहीत, आणि म्हणून मोकळेपणाने बोलतात.

पहिला धडा आम्हांस जमिनीने दिला. शाळेत आपण सर्वांनी घोकले आहे की मराठवाडा हे सपाट पठार आहे. श्रोतेहो, ज्याने हे वाक्य लिहिले त्याने येथे सायकल चालवलेली नसावी. हे पठार म्हणजे लांबच लांब लाटा आहेत. नदीकडे उतरायचे, नदी ओलांडायची आणि पुन्हा चढायचे. बालाघाटाच्या रांगा आपल्या मुलखातून पसरत जातात आणि त्यांच्यामधून मांजरा वाहते. बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या बाजूस उगम पावून ती आग्नेयेकडे येते, तेरणा आणि घरणी यांसारख्या नद्यांना पोटात घेते, पुढे तेलंगणात जाऊन उत्तरेकडे वळते आणि सुमारे 724 किलोमीटरांचा प्रवास करून कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. शिरूरहून निलंग्यास जाताना मांजरेचा उतार सुरू झाला की पायंडल मारावे लागत नाही आणि पात्र ओलांडल्यावर जो चढ लागतो तो पोटऱ्यांना पुरते सांगून जातो की नदीने हे खोरे किती खोल कापले आहे.

दुसरी गोष्ट मातीच्या रंगाची. शिरूरच्या आसपास काळी माती आहे. अवकाळी पाऊस पडून गेलेल्या एका सकाळी आम्ही शहाणपण सोडून पाणंदीने निघालो. अर्ध्या फर्लांगात मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये चिखलाचा असा लगदा बसला की चाक फिरेना. काटकीने चिखल खरवडून काढायचा, दहा पावले जायचे, पुन्हा खरवडायचे. त्या दिवशी आम्ही सायकलीवर बसलो त्यापेक्षा सायकली आमच्यावर अधिक बसल्या. पण त्यामुळे एक कोडे सुटले. जुन्या काळी लष्कराच्या मोहिमा दसऱ्यानंतर का निघत आणि पावसाळ्यात छावणी का पडे, हे आम्ही पुस्तकांत वाचले होते. त्या पाणंदीत ते आम्हांस समजले. सायकलीचे दोन इंची चाक जिथे रुतते तिथे तोफेच्या गाड्याचे काय झाले असते?

उदगीरच्या दिशेने जाऊ लागलो की माती तांबूस होत जाते आणि रस्त्याच्या कडेला जांभा दगड दिसू लागतो. बीदरच्या पठाराचा हा जांभा आपल्याकडे येऊन पोहोचला आहे. औसा तालुक्यातील खरोसा येथील लेणी अशाच जांभ्याच्या टेकडीत कोरलेली आहेत. साधारण सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या या लेण्यांत शैव, वैष्णव आणि जैन शिल्पे एका टेकडीत नांदतात. वेरूळचा बसाल्ट पाषाण कठीण असल्याने तेथील मूर्तींची बोटेही शाबूत राहिली. खरोशाचा जांभा सच्छिद्र, पाऊस पिणारा. म्हणून येथील मूर्तींचे चेहरे झिजून गेले आहेत. जेम्स बर्जेस याने 1875-76 च्या हंगामात बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतील प्राचीन अवशेषांची पाहणी केली, तीत या लेण्यांचाही समावेश होता. त्यानंतर जवळपास दीडशे पावसाळे त्या दगडावरून गेले. वेरूळ पाहायला सारे जग येते. खरोशाला आपण तरी किती जण गेलो आहोत?

आणि वेरूळचे नाव निघालेच आहे तर हेही सांगितले पाहिजे की ज्या राष्ट्रकूटांनी तेथे कैलास लेणे कोरविले, ते स्वतःस 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी असे अभिमानाने म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजेच आपले लातूर, असे विद्वान मानतात. मान्यखेटला राजधानी झाली, सत्ता नर्मदेपलीकडे गेली, तरी मूळ गावाचे नाव त्यांनी बिरुदात जपले. आपल्याकडे आजही पुण्यामुंबईस गेलेला माणूस लग्नपत्रिकेवर मूळ गाव छापतो. त्यातलाच हा प्रकार.

आता आपल्या गावाच्या नावाकडे आणि पत्त्याकडे वळू. शिरूर नावाची गावे महाराष्ट्रात कितीतरी आहेत. घोडनदीकाठचे शिरूर पुणे जिल्ह्यात, शिरूर कासार बीड जिल्ह्यात, शिरूर ताजबंद आपल्याच जिल्ह्यात अहमदपूरकडे. म्हणून आपल्या शिरुराने ओळखीसाठी अनंतपाळ हे नाव जोडून घेतले. परंतु नाव कायम राहिले तरी पत्ता मात्र सारखा बदलत गेला. निजामाच्या राज्यात निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. हे तीन तालुके तेवढे त्यातून काढून मराठवाड्याबरोबर द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि उस्मानाबाद जिल्ह्यात बसले. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला. 1982 साली लातूर जिल्हा वेगळा झाला. 1999 साली शिरूर अनंतपाळ हा स्वतंत्र तालुका झाला. आपल्या गावातला एखादा वृद्ध शेतकरी घ्या. तो जन्मला बीदर जिल्ह्यात, त्याचे लग्न उस्मानाबाद जिल्ह्यात झाले, त्याची नातवंडे लातूर जिल्ह्यात जन्मली, आणि या सर्व काळात तो आपल्या शेताच्या बांधावरून हललाही नाही!

याचा परिणाम असा झाला की आपला इतिहास तीन ठिकाणी विखुरला. जुन्या नोंदी हैदराबादेस, काही बीदरास, काही उस्मानाबादेस म्हणजे आजच्या धाराशिवास. शिवाय त्या नोंदींची भाषा फारसी वा उर्दू. बोलणारे लोक मराठी, पूर्वेकडे सरकावे तसे कानडी आणि तेलुगूही. देवणीच्या बाजारात आम्ही चहा घेत बसलो असता शेजारच्या बाकावर तीन माणसे एकाच सौद्याविषयी बोलत होती. भाव मराठीत चालला होता, आपसांतली सल्लामसलत कानडीत आणि हसणे दखनीत. त्यांना यात काही विशेष वाटत नव्हते. सौदा अर्थातच बैलांचा होता. देवणी ही गोवंशातील नामांकित जात याच भागातली, आणि तिचे वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार रंगावरून ओळखतात. तोंडाच्या बाजू काळ्या असल्या तर वानेरा, अंगभर पांढरा तो बालंक्या आणि काळे-पांढरे ठिपके असले तर शेवरा. हे ज्ञान आम्हांस त्या बाकावर मिळाले आणि चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

अनेक भाषांच्या या सरहद्दीवर वाढलेला माणूस कसा असतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे सेतुमाधवराव पगडी. त्यांचा जन्म 1910 साली निलंग्याचा. हैदराबाद संस्थानात त्यांनी अधिकारपदे सांभाळली. आदिलाबादेकडे नेमणूक झाली असता गोंडी आणि कोलामी या आदिवासींच्या भाषा शिकून घेतल्या. फारसी साधनांतून मराठ्यांचा इतिहास त्यांनी मराठी वाचकांच्या हाती दिला. निलंग्याच्या नीलकंठेश्वराच्या देवळात त्या दगडी खांबांच्या सावलीत बसलो असता आमच्या मनात आले की, ज्या गावात चार भाषा कानांवर पडतात तेथे जन्मलेल्या मुलाला परकी भाषा ही भिंत वाटत नाही, शेजारचे दार वाटते.

आता उदगीर. 3 फेब्रुवारी 1760 रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाचा मोड केला ती उदगीरची लढाई आपण सर्वांस ठाऊक आहे. नाव उदगीरचे असल्याने पुष्कळांची समजूत अशी असते की ही लढाई उदगीरच्या किल्ल्याच्या तटाखाली झाली. वस्तुतः ती चालत्या वाटेवरची लढाई होती. निजामाची फौज उदगीरकडून औशाच्या रोखाने धारूर गाठण्यासाठी निघाली होती आणि मराठ्यांनी तिला वाटेत गाठून, दाणापाणी तोडून, घेरून खिळखिळी केली. पूर्वी निजामाच्या पदरी राहिलेला इब्राहिमखान गारदी आपल्या कवायती पलटणी व तोफा घेऊन मराठ्यांकडे आला होता. तहात साठ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर यांसारखी ठाणी मराठ्यांस मिळाली.

आपण नकाशा घ्या आणि उदगीर व औसा यांना जोडणारी सरळ रेषा काढा. ती आपल्या शिरूरच्या परिसरावरून जाते. अर्थात फौजा रेषेने चालत नाहीत, पाण्याने चालतात. हजारो घोडी, बैल आणि माणसे यांना रोज पाणी हवे, आणि माघ महिन्यात या मुलखात पाणी ठरावीक ठिकाणीच असते. आम्हीही माघातच त्या बाजूने सायकली हाकीत होतो. दुपारी बाटल्या रिकाम्या झाल्या की पुढचे गाव किती दूर, तेथे पाणी आहे का, याखेरीज दुसरा विचार सुचत नसे. ज्याने पाण्याच्या जागा धरल्या त्याने लढाई अर्धी जिंकली, हे लिहायला सोपे आहे. कोरड्या घशाने ते पटते. या विजयानंतर वर्ष पुरे होण्याआधी, 14 जानेवारी 1761 रोजी, तेच भाऊ आणि तोच इब्राहिमखान पानिपतावर पडले. तेथेही अन्नपाणी तुटलेलीच फौज हरली. फरक एवढाच की या वेळी ती मराठ्यांची होती.

पाण्याची ही गोष्ट केवळ जुनी नाही. 1911 साली बार्शी लाइटची अरुंद गाडी लातुरास आली. 1927 साली तो मार्ग दुसऱ्या टोकाने मिरजेपर्यंत गेला. या गाडीने लातूरचा बाजार उभा राहण्यास मोठा हातभार लावला. आणि एप्रिल 2016 मध्ये त्याच मिरजेहून लातुरास रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस पाच लाख लिटर आले. ज्या वाटेने एकेकाळी व्यापार आला त्याच दिशेने पुढे घोटभर पाणी यावे, यात आपल्या मुलखाच्या शंभर वर्षांचा हिशेब आहे. जागोजागच्या जुन्या बारवा पाहताना आम्हांस हा हिशेब वारंवार आठवला. आम्हांस लागलेल्या कित्येक बारवांत पाण्याऐवजी कचरा होता.

श्रोतेहो, आतापर्यंत सांगितले ते पुष्कळसे रंजक होते. आता जे सांगावयाचे आहे ते तितके सोपे नाही. परंतु ते टाळून या मुलखाचा इतिहास सांगितला असे म्हणता येणार नाही.

1947 साली देश स्वतंत्र झाला तेव्हा आपण स्वतंत्र नव्हतो. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता. दुसऱ्या बाजूस रझाकारांचा धुमाकूळ चालला होता. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातुरात वकिली करणारा, आपल्याच मुलखातला. उदगीर तालुक्यात देवर्जनजवळचे हत्तीबेट आपण पाहिले असेल. त्या बेटाच्या आधाराने आपल्या लोकांनी रझाकारांशी झुंज दिली. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि 17 सप्टेंबरला निजाम शरण आला. तो दिवस आपण मुक्तिदिन म्हणून पाळतो, आणि पाळलाच पाहिजे.

परंतु इतिहास 17 सप्टेंबरला संपला नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत सूडाची लाट आली आणि रझाकारांशी काही एक संबंध नसलेले असंख्य मुसलमान तीत मारले गेले. केंद्र सरकारच्या वतीने चौकशीस आलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत अधिक पोळले असे नोंदविले. तो अहवाल दीर्घकाळ सरकारी दप्तरात पडून राहिला. त्या चार जिल्ह्यांपैकी बीदर आणि उस्मानाबाद म्हणजे आपलाच मुलूख. रझाकारांचे अत्याचार आपण सांगतो, कारण ते आपल्यावर झाले. दुसरे आपण सांगत नाही, कारण ते आपल्यातल्या कोणी केले. पारावर बसून म्हाताऱ्या माणसांशी बोलताना आम्हांस हे मौन ऐकू येई. बोलणे '48 सालापर्यंत मोकळे चाले, सप्टेंबर आला की कोणीतरी विडी पेटवी आणि पावसापाण्याचा विषय काढी.

या मौनातून वाट कशी काढावी हे आपल्याच तालुक्यातल्या एका गावाने दाखविले आहे. कागदोपत्री त्याचे नाव हिसामाबाद. लोक त्याला उजेड म्हणतात. आपण सर्वांनी हे गाव पाहिलेले आहे, परंतु आम्ही तेथे जानेवारीच्या अखेरीस मुद्दाम पोहोचलो, कारण प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तेथे महात्मा गांधींच्या नावाने यात्रा भरते. गावोगाव यात्रा भरतात त्या खंडोबाच्या, महादेवाच्या, देवीच्या. उरूस भरतात ते पिरांचे. उजेडची यात्रा मात्र गांधीबाबाची. संस्थान मुक्त झाल्यानंतरच्या त्या जखमी काळात ही यात्रा सुरू झाली. गावकरी तिचे कारण साधेच सांगतात: हिंदू आणि मुसलमान या दोघांनाही आपली वाटेल अशी एक यात्रा गावाला हवी होती. पाळणे, मिठाईची दुकाने, खेळणी, बांगड्या, इतर कोणत्याही यात्रेत असते ते सारे तेथे असते. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांची वर्दळ होते. देवाच्या जागी तेवढा एक पंचा नेसलेला म्हातारा असतो.

आम्ही त्या गर्दीत सायकली हातात धरून उभे राहिलो. आम्हांस वाटले, त्या काळी गावात कोणी मोठा पंडित नव्हता, समाजशास्त्रज्ञ नव्हता. शेजाऱ्यावरचा विश्वास उडाल्यावर तो पुन्हा कसा बसवावा, या प्रश्नावर दिल्लीत समित्या बसल्या. उजेडच्या लोकांनी पाळणा उभा केला आणि जिलेबीची कढई चढवली. वर्षातून एकदा सर्वांनी एका ठिकाणी यायचे, खरेदी करायची, कुस्ती पाहायची आणि घरी जायचे. विश्वास हा भाषणाने बसत नाही, सवयीने बसतो, हे त्या गावाला कळले होते. जिल्ह्याच्या इतिहासात उदगीरच्या लढाईला पाने मिळतात. उजेडच्या यात्रेला एखादी ओळ मिळते. आमच्या मते हे माप उलटे नसले तरी बरोबरही नाही.

असो. आता जे गमावत चाललो आहोत त्याविषयी थोडे सांगतो आणि थांबतो. एका गावी आमच्या थोरल्या मित्राच्या सायकलीचे मागचे चाक बसले. तो नेहमीप्रमाणे चढावर उतरून चालत होता, म्हणून त्याला रस्त्याकडेच्या बाभळीखाली एक उभा दगड दिसला. आम्ही पंक्चर काढीपर्यंत त्याने त्यावरची धूळ पुसली. खाली पडलेला वीर, मध्यभागी त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. स्वच्छ वीरगळ होता. जवळच शेळ्या राखीत बसलेल्या आजोबांना आम्ही विचारले.

"आजोबा, हा दगड कशाचा?"

"त्यो व्हय? आमचे वडील म्हनायचे, गाईंसाठी मेलेला माणूस हाय. नाव काय ठावं न्हाई बाबा. दिवाळीला निवद ठिवायचा, एवढंच." मग जरा थांबून ते म्हणाले, "रस्ता रुंद व्हनार हाय. काढत्याल आता."

"मग ठेवणार कुठे?"

"कुनी इचारलंच न्हाई तर ठिवतंय कोन?"

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. दगडाची लांबी-रुंदी घेतली, चित्र काढले, छायाचित्र घेतले, गावातल्या शिक्षकांना भेटून तो शाळेच्या आवारात हलविण्याची विनंती केली. त्यांनी मनावर घेतले आहे. परंतु एक दगड एका फुटलेल्या ट्यूबमुळे वाचला, याचा अर्थ किती दगड न फुटलेल्या ट्यूबांमुळे गेले असतील याचा विचार करावा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने औसा, निलंगा आणि उमरगा भागांतील गावेच्या गावे एका मिनिटाच्या आत पडली. जवळपास दहा हजार माणसे गेली. गढ्या, वाडे आणि त्यांच्या कोनाड्यांतली कागदपत्रेही त्याच ढिगाऱ्यात गेली. निसर्गाने नेले त्याला इलाज नव्हता. आपल्या बेफिकिरीने जाते त्याला आहे.

म्हणून आमची एक सूचना आहे. तिला पैसा लागत नाही. राज्यात मानव विकास कार्यक्रमातून शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली मिळतात. घरोघर आणखीही सायकली भिंतीला टेकून उभ्या आहेत. आपल्या तालुक्यातील प्रत्येक शाळेने वर्षातून दोन रविवार मुलामुलींना सायकलींवरून शेजारच्या गावी पाठवावे. बरोबर एक शिक्षक, एक वही, एक मोजपट्टी, हवेचा पंप आणि पंक्चरचे सामान असावे. वहीत चार गोष्टी लिहाव्यात: गावातील जुना दगड, गावातील जुने पाणी, शेतांची आणि पाणंदींची जुनी नावे, आणि सर्वांत वृद्ध माणसाला आठवणारी एक घटना. दगड हलवू नये, त्यावर खडूने लिहू नये, शेंदूर असल्यास खरवडू नये. सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे टिपावेत, आपल्या शुद्ध भाषेत सुधारू नयेत. आणि ज्या घरातले लोक देवळात जातात त्याच आस्थेने मशिदीत जाणाऱ्यांच्या घरीही पाणी मागावे व तेथील आजीलाही तोच प्रश्न विचारावा. पाच वर्षांत तालुक्याची अशी वही तयार होईल की हैदराबादच्या दप्तरात तिची बरोबरी करणारे काही सापडणार नाही.

'48 चा सप्टेंबर डोळ्यांनी पाहिलेली माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्यासाठी पुढच्या वर्षीची वाट पाहून चालणार नाही.

बाजारात आम्हांस अडविणारे ते गृहस्थ आज समोर बसलेले आम्हांस दिसत आहेत. त्यांना एवढेच सांगतो की इतिहासाला दप्तर लागते हे आपले म्हणणे खरे. परंतु आपल्या मुलखाचे दप्तर अजून बांधलेलेच नाही. ते गावोगाव सुटे पडले आहे, आणि ते गोळा करून आणण्यास आमच्या पाहण्यात सायकलीइतके सोयीचे कॅरिअर दुसऱ्या कशाला नाही.